शिकलेले अंगी केव्हा लागते?



यवतमाळहून नागपूरकडे निघाले की वाटेत कळंब लागते. चिंतामणीच्या देवळामुळे हे गाव लांबवर ठाऊक आहे. पायऱ्या उतरून खाली जायचे, दर्शन घ्यायचे आणि मन हलके करून वर यायचे. याच तालुक्यातल्या गावांतून मी शेतीखात्याचा माणूस म्हणून पुष्कळ हिंडलो. एकदा कळंबला चहाच्या टपरीवर एका ओळखीच्या कास्तकाराने मला हटकले. म्हणाला, "साहेब, तुमी इतके वर्ग घेता, कागद वाटता. पण खरं सांगा, शिकून माणसाले धीर येते का? का ज्याच्यात उपजत आहे त्याच्यातच राह्यते?"

मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनात घर करून राहिला. बी.एस्सी. होऊन मी नोकरीला लागलो, तेव्हा माझी समजूत साधी होती. माहिती दिली की माणूस शहाणा होतो, आणि शहाणा झाला की धीट होतो! आज पन्नाशी उलटल्यावर ती समजूत उरलेली नाही. त्या कास्तकाराला द्यायचे राहिलेले उत्तर आज तुमच्यापुढे मांडतो.

ते २०१७ चे साल

२०१७ चा खरीप आपल्या जिल्ह्यात कोणी विसरणार नाही. पऱ्हाटी डोक्याला लागली होती. कीड वाढली म्हणून फवारण्या वाढल्या. दोन-तीन औषधे एकत्र कालवून, तोंडाला फडकेही न बांधता माणसे फवारत राहिली. यवतमाळ जिल्ह्यात त्या हंगामात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावे लागले. ज्या मजुराच्या हाती हातमोजे किंवा तोंडाला बांधायचे साधन कोणी दिलेच नव्हते, त्याला दोष कसा द्यावा?

त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनेही राज्यभर कपाशी पोखरली. बीटी कपाशीला ही अळी दाद देईनाशी झाली होती. बोंड वरून हिरवेगार दिसे. फोडून पाहावे तर आत किडकी सरकी आणि डागाळलेला कापूस!

त्या सालानंतर गावोगाव मला दोन तऱ्हेची माणसे भेटू लागली. काहींचा धीर पार खचला होता. "आता आपल्याले काही समजत नाही," असे चाळीस-चाळीस वर्षे शेती केलेली माणसे म्हणू लागली. दुसरीकडे काहीजण तरीही उघड्या अंगाने फवारायला निघत होते. "मले काही होत नाही," म्हणत होते. पहिल्यांना धीर कमी पडत होता आणि दुसऱ्यांना नको तिथे जास्त होता. औषध मात्र दोघांना एकच हवे होते. ते म्हणजे स्वतः पाहून, मोजून, करून आलेली जाण.

शाळा वावरातली

ही जाण यावी म्हणून शेतीशाळा भरवतात. तिची सुरुवात १९८९ साली इंडोनेशियात झाली. तिथे भातावर तपकिरी तुडतुड्यांनी धुमाकूळ घातला होता. जितके औषध मारावे तितके तुडतुडे वाढत, कारण त्यांना खाणारे मित्रकीटक औषधाने आधी मरत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या मदतीने तिथे शेतकऱ्यांना बांधावरच शिकवायला सुरुवात झाली. पुढे ही रीत देशोदेशी गेली आणि आपल्याकडेही आली.

या शाळेत फळा-खडू नसतो. हंगामभर ठरल्या दिवशी एकाच वावरात जमायचे. पाच-सहा जणांचा एक गट करायचा. प्रत्येक गटाने झाडे मोजायची, पाने उलटून पाहायची, शत्रुकिडी किती, मित्रकिडी किती ते टिपायचे. मग मोठ्या कागदावर झाडाचे चित्र काढायचे, एका बाजूला शत्रू आणि दुसऱ्या बाजूला मित्र. शेवटी गटातल्या एकाने उभे राहून सांगायचे की या आठवड्यात काय करावे आणि का करावे. उभे राहण्याची पाळी दर वेळी बदलते.

२०१८ च्या खरिपात तालुक्यातल्या एका गावी मी अशी शाळा घेतली. त्या शाळेतली चार माणसे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. नावे सांगत नाही. तुमच्या गावातही अशीच चार माणसे तुम्हांला सापडतील.

चार माणसे, चार तऱ्हा

पहिली एक बाई. समाजमंदिरात पहिल्या दिवशी ती खांबाआड बसली. नाव विचारले तर ते शेजारणीने सांगितले. नवऱ्याची पाठ दुखावलेली, तो खाटेवर. त्यामुळे सहा एकरांचा सारा कारभार तिच्यावर आलेला. मी तिला बोलायला लावले नाही. कामगंध सापळ्यांत रोज सकाळी किती पतंग पडले ते मोजून वहीत लिहायचे, एवढेच काम दिले. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला ते जमण्यासारखे होते. शाळेच्या दिवशी ती फक्त आकडा सांगे, "दोन." "तीन." "एक."

काही आठवड्यांनी आजूबाजूच्या वावरांत फवारणीची घाई सुरू झाली. औषध मारून टाक, असे तिलाही चारजणांनी सांगितले. ती वही घेऊन शाळेत आली आणि कोणी न विचारता उभी राहिली. म्हणाली, "एका रातीत एका सापळ्यात आठ पतंग, असं लागोपाठ तीन राती झालं तं फवारा, असं तुमी सांगतलं होतं. माह्या वहीत आठ कधी झालेच नाई. फुलंबी पाह्यली. शंभरात चार डोमकळ्या हायेत, दहा नाई. मी आत्ता नाई फवारत." पुढे ऑक्टोबरात आकडा लागोपाठ तीन रात्री आठाच्या वर गेला. तेव्हा तिनेच मजूर लावून फवारणी केली आणि मजुराच्या तोंडाला फडके बांधल्याशिवाय पंप उचलू दिला नाही.

दुसरा एक तरुण. बोलण्यात पटाईत आणि हजरजबाबी. आठवड्याची मोजणी न करताच तो निकाल सांगून मोकळा होई. उथळ पाण्याला खळखळाट फार! पण मुलगा वाईट नव्हता. भित्रा म्हणतील या भीतीने तो धीट झाला होता. त्याला मी उपदेश केला नाही. एक जुना पांढरा सदरा घालायला दिला, पंपात नीळ कालवलेले पाणी भरले आणि म्हटले, "दोन तासे फवारून ये." तो परत आला तेव्हा सदऱ्याच्या छातीवर, बाह्यांवर, गळ्यापाशी निळे ठिपके होते. पंप झिरपत होता, त्यामुळे पाठीवर तर हाताएवढा डाग! तो सदरा काढून कितीतरी वेळ पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "हे औषध असतं तं?" त्या दिवसापासून वारा कोणीकडून आहे ते पाहिल्याशिवाय त्याने पंप पाठीला लावला नाही. आवाज थोडा उतरला, पण त्यानंतर तो जे बोले ते खरे असे.

तिसरे एक आजोबा. २०१७ च्या नुकसानीनंतर ते खचले होते. शाळेत येत, पण "आमचं वय झालं, पोरायले शिकवा" म्हणत मागे बसत. एक दिवस पानावर ढालकिडा दिसला. हा कपाशीवरचा मावा खातो, असे मी सांगितले. आजोबा उठून पुढे आले. "याले तं मी लहानपणापासून पाहून राह्यलो! भुईमुगातबी राह्यते हा." मग चणा-ज्वारीत कोणते किडे येतात, कोणत्या पाखरांनी अळ्या वेचलेल्या पाहिल्या, हे ते सांगू लागले आणि पोरे ऐकू लागली. आपल्याला काहीच समजत नाही असे म्हणणाऱ्या माणसाला कळले की आपल्याला पुष्कळ समजते. फक्त त्याला नव्या माहितीची जोड हवी होती. त्या वर्षी त्यांनी फरदड घेतली नाही. डिसेंबर संपायच्या आत पऱ्हाटी उपटली. शेवटच्या वेचणीचे चार पैसे डोळ्यांदेखत सोडायला किती धीर लागतो, हे कास्तकारालाच कळेल. पण अळीला पुढच्या हंगामापर्यंत निवारा मिळू नये हे त्यांना पटले होते.

माझी चूक

चौथी होती एका घरची सून. बारावी शिकलेली. साऱ्या शाळेत सर्वांत हुशार. चित्र ती काढी, आकडेमोड ती करी, उभी राहिली की गाव ऐकत राही. समारोपाच्या दिवशी मी सर्वांसमोर तिचे तोंडभर कौतुक केले. वर असेही म्हणालो की, हिच्या सासऱ्यांनी आता शेतीचा सल्ला हिलाच विचारावा! लोक हसले. मला वाटले, मी तिला मोठा धीर दिला.

पुढच्या हंगामात ती शाळेत आली नाही. विचारपूस केली तेव्हा कळले की त्या हशाने सासऱ्यांचा अपमान झाला होता. सून चारचौघांत शहाणी ठरली आणि घरात मुकी झाली. वर्षभर तिने शेतीविषयी तोंड उघडले नव्हते. जिच्यात धीर उपजत होता, तिचाच धीर माझ्या शब्दांनी खुंटला!

त्या रात्री मला झोप आली नाही. मी माणसाकडे पाहिले होते, पण त्याच्या घराकडे पाहिले नव्हते. खांबाआडची बाई बुजरी होती, पण निर्णय तिच्या हातात होता, म्हणून तिचे शिकणे अंगी लागले. सून धीट होती, पण तिच्या हाती एक तासही नव्हते.

सापाची गोष्ट आणि काकीनाड्याची गोष्ट

हे आपल्याच तालुक्यात घडते असे समजू नका. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँड्युरा यांनी याच प्रश्नाचा जन्मभर अभ्यास केला. १९७७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा एक प्रयोग आपल्याला लगेच समजेल, कारण तो सापाचा आहे. सापाची अतोनात भीती असलेली माणसे त्यांनी घेतली. काहींनी दुसऱ्याला बिनविषारी साप हाताळताना नुसते पाहिले. काहींनी जाणत्या माणसाच्या मदतीने पायरी-पायरीने तो स्वतः हाताळला. पाहणाऱ्यांचाही धीर वाढला, पण ज्यांनी स्वतः हात लावला त्यांचा सर्वांत जास्त वाढला.

बँड्युरांनी धीराचे चार झरे सांगितले. पहिला आणि सर्वांत मोठा झरा म्हणजे स्वतः केलेले आणि साधलेले काम. दुसरा, आपल्यासारख्याच माणसाला ते साधताना पाहणे. तिसरा, विश्वासाच्या माणसाचा शब्द. चौथा, आपल्या शरीराची अवस्था. छाती धडधडू लागली, हात कापू लागले, की माणसाला वाटते आपल्याच्याने होणार नाही. आम्ही अधिकारी मंडळी बहुधा तिसऱ्या झऱ्यावरच भिस्त ठेवतो आणि भाषण करतो. पी हळद आणि हो गोरी!

दुसरी गोष्ट आपल्या देशातली. १९६४ च्या सुमारास डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकन अभ्यासकाने आंध्रातल्या काकीनाडा गावच्या व्यापारी-कारखानदारांसाठी प्रशिक्षण घडवून आणले. मोठे काम अंगावर घेण्याची उमेद वाढावी, हा त्याचा उद्देश होता. पुढे पाहणी केली तेव्हा शिकून गेलेल्यांपैकी बरेचजण पूर्वीपेक्षा जास्त हालचाल करताना दिसले. कोणी नवा धंदा काढला, कोणी जास्त माणसे कामाला लावली. पण हा फरक मुख्यतः कोणात दिसला? ज्यांच्या हाती धंद्याचा कारभार होता त्यांच्यात! ज्याला निर्णय करता येत नव्हता, त्याची उमेद तशीच राहिली.

हे वाचले तेव्हा मला ती सून आठवली. तिची गाठ स्वभावात नव्हतीच, ती परिस्थितीत होती.

दहा तासे

२०२० च्या पेरणीआधी मी तिच्या घरी गेलो. या वेळी तिच्याशी बोललो नाही. सासऱ्यांच्या ओट्यावर बसलो, चहा घेतला. प्रथम माझी चूक कबूल केली. म्हणालो, "पाटील, मागं मी चारचौघांत बोलून गेलो ते बरोबर नव्हतं. माफी असावी." ते काही बोलले नाहीत. मग मी त्यांनाच विचारले की, तुमच्या वावरात अळी आधी कोणत्या बाजूने लागते? ते बोलू लागले. अर्धा तास आम्ही दोघे तेच बोललो. उठताना मी म्हटले, "धुऱ्याकडची दहा तासं पोरीच्या हिशोबानं होऊ द्या. नुकसान झालं तं दहा तासांचं होईन." ते म्हणाले, "पाहू."

त्यांनी दहा तासे दिली. तिने तिथे सापळे लावले, निंबोळी अर्क काढला, मोजणी केली. वेचणी वेगळी करून वेगळी तोलली. चमत्कार झाला असे सांगणार नाही. कापूस बाकीच्या तासांइतकाच निघाला. पण दोन फवारण्या कमी लागल्या, त्यांचे औषध आणि मजुरी वाचली. हिशोब तिने नाही, सासऱ्यांनीच मला सांगितला. पुढच्या वर्षी ती सकाळी सापळे पाहायला निघाली तेव्हा तेही मागून गेले.

आता मागणे तुमच्याकडे

व्यक्ती तितक्या प्रकृती, हे तर आपण नेहमीच म्हणतो. मग शिकवताना सर्वांना एकाच मापाने कसे मोजावे? तुमच्या घरातून कोणी शेतीशाळेला, कृषी विज्ञान केंद्रात किंवा बचत गटाच्या वर्गाला जाऊन आले, तर पुढची शाळा तुमच्या घरात भरते हे लक्षात ठेवा. त्यासाठी चार गोष्टी सुचवतो.

एक, बुजऱ्या माणसाला आधी हातांना काम द्या, बोलणे मागून येते. मोजणी, वही, वजन असे लहान आणि पुरे होणारे काम द्या.

दोन, फार धीट माणसाशी वाद घालू नका. त्याला मोजायला लावा. निळीच्या पाण्याचा प्रयोग घरच्या घरी करता येतो. फवारणी करणाऱ्याने वाऱ्याच्या दिशेने पाठ करावी, पूर्ण कपडे, हातमोजे व तोंडाला बांधायचे साधन वापरावे, मध्येच तंबाखू-विडीला हात लावू नये. डब्यावरचा त्रिकोण पाहावा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र नाही. चक्कर, मळमळ, अंधारी वाटली तर फवारणी तिथेच थांबवावी. कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठावा. अशा वेळी धीर दाखवायचा नसतो.

तीन, म्हाताऱ्या माणसाला "तुमचं जुनं झालं" असे म्हणू नका. त्याला काय ठाऊक आहे ते आधी विचारा आणि नवे त्याला जोडा. एकदा हानी सोसलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्याला घाई केली तर तो आणखी मागे सरकतो.

चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. शिकून आलेल्याला, मग तो मुलगा असो, लेक असो की सून, दहा तासे द्या. तिथला निर्णय त्याचा. चुकला तरी तिथे हसू नका. बायामाणसे वावरात निंदण करतात, वेचणी करतात, पण सातबाऱ्यावर नाव नाही आणि निर्णयात शब्द नाही. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरवले आणि पुढे घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करण्याची चळवळ उभी केली. १९९२ साली शासनानेही पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट मोकळी केली. ज्यांना जमेल त्यांनी तेही करावे. ज्यांना आज जमत नाही, त्यांनी निदान दहा तासे तरी द्यावीत!

माझ्यासारख्या शिकवणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. कौतुक करायचे तर ते कोणासमोर करतो आहोत, हे आधी पाहावे. आणि माणसाला शिकवण्यापूर्वी एकदा त्याच्या ओट्यावर बसून यावे.

तो चहाच्या टपरीवरचा कास्तकार परवा पुन्हा कळंबच्या बाजारात भेटला. म्हटले, "भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. धीर थोडा उपजत असतो, थोडा शिकून येतो. पण तो टिकते तेव्हा, जेव्हा घरात त्याले उभं राहाले जागा मिळते."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माह्या पोरीनं मागच्या वर्षी कळंबले वर्ग केला. तिले काही विचारलंच नाही मी."

मी म्हटले, "मग औंदा विचारा."